सारसाच्या पिल्लाचा निरोप

मी लेखक नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यात ज्यांचं नाव विचारायचाही धीर झाला नाही, त्यांच्याविषयी लिहितोय, म्हणून आधीच माफी मागतो.

ते पुण्याकडचे, सत्तरीचे. झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली गाडी घेऊन डोंगर आणि पक्षी पाहत एकटेच फिरायचे. आंबागडचा डोंगर छान दिसतो म्हणून भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या धानाच्या बांधीजवळ, भाताच्या शेताशी, थांबले.

"घरच घेऊन पळाले का जी?" बाबांनी चिडवलं. ते मनापासून हसले.

दुसऱ्या सकाळी दुर्बिणीतून त्यांना आमच्या धानात सारसाचं घरटं दिसलं. त्यात दोन अंडी होती.

"धान लोळवून राहिले ते. आजच फेकतो," बाबा म्हणाले.

पाहुण्यांनी हात जोडले. "माझं घर चाकांवर आहे, मी कुठेही जाईन. त्यांना हलता येत नाही हो."

बाबांनी घरटं राहू दिलं. पाहुणे मात्र सातपुड्याचा पुढचा प्रवास सोडून बारा दिवस तिथेच राहिले. छत्री घेऊन धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसायचे, कुत्री हाकलायचे. सारस ओरडले की डोक्यावरची टोपी काढायचे. मग छातीत दुखू लागलं आणि मुलगी न्यायला आली. जाताना नंबर देऊन मला म्हणाले, "पिल्लू निघालं की कळव."

एक पिल्लू निघालं. एवढ्या मोठ्या माणसाला फोन कसा करू, ते उडालं की करीन, असं म्हणत मी राहिलो. ते उडालं तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. फोन मुलीने उचलला. ते दसऱ्यालाच गेले होते.

"शेवटपर्यंत फोन वाजला की विचारायचे," ती म्हणाली, "भंडाऱ्याहून आहे का?"