हाल म्हणजे दूध

मी शाळेत टिकले ती दोघांमुळं. एक आमचे तिसरीचे मास्तर, आणि दुसरी माझ्या बस्करावर शेजारी बसणारी मैत्रीण, मराठ्याची पोर.

निपाणीच्या अलीकडं आमचं गाव. आमचं घर जैनाचं, घरात बोलणं कन्नड, शाळा मराठी. आप्पांनी शाळेत घालतानाच बजावलं होतं, "दिपोटीपुढं चुकलीस तर दप्तर खुंटीला!"

शाळा तपासायला ते दिपोटी आले. पुस्तकात वाक्य होतं, 'गरिबांचे फार हाल झाले.' त्यांनी मलाच उठवलं. "हाल म्हणजे काय, मुली?"

आमच्यात हाल म्हणजे दूध. मी ठणकावून सांगितलं, "म्हशीचं असतंय. सकाळी काढत्यात."

वर्गात हशा फुटला. मागून कुणीतरी रेड्यासारखं हंबरलं. दिपोटीसुद्धा हसले. मी रडायला लागले, तसे मास्तर म्हणाले, "रडतीस कशाला गं? शब्द बरोबर हाय, त्याचं घर चुकलं."

पण बातमी माझ्याआधी घरी पोचली. दप्तर खुंटीला गेलं. आप्पा म्हणाले, "उद्यापासनं तंबाखू निवडायला जायचं." मलाही त्या वर्गात तोंड दाखवायचं नव्हतं.

दिवेलागणीला दारात मैत्रीण. हातात रिकामा तांब्या. माझ्या आईला म्हणते, "हाल कोडरी!" दूध द्या, म्हणून, आमच्याच कन्नडात.

आई हसून लोटपोट. "कुठं शिकलीस गं, बाई?"

"तुमच्या लेकीकडनं. आज आख्खी शाळा शिकली." मग आप्पांकडं वळून, "आप्पा, हिला उद्या धाडा. मास्तरांनी सांगितलंय, रोज एक कन्नड शब्द हिनं फळ्यावर लिहायचा. ही न्हाय आली तर कोण लिहिणार? तुम्ही येताय?"

आप्पांना हसू आवरेना. त्यांनी स्वतःच दप्तर खाली काढलं.

चौथीची परीक्षा व्हायच्या आत माझं लग्न झालं आणि शाळा सुटली ती सुटलीच. आता नागपूरकडं असते. इथं कन्नड कुणाला कळत नाही आणि माझ्या मराठीला हसतात. अजून बोलायच्या आधी शब्द तोंडात फिरवून बघते. पण लेकीला अक्षरं मीच शिकवते. तिचं दप्तर खुंटीला जाऊ देणार नाही.

मास्तर आता नाहीत. मैत्रीण आहे, उचगावात दिलीय. एक ना एक दिवस तिच्या दारात तांब्या घेऊन उभी राहीन. भरलेला. आणि सांगीन, "हाल आणलंय गं, घे."