काका आणि फॉरेनर लोक

सिंगापूरची जेवढी काळजी सिंगापूरच्या सरकारला नसेल, तेवढी माझ्या बायकोच्या काकांना आहे. काका मूळचे सांगलीचे. तरुणपणी रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत नोकरीला आले, टॅम्पिनीसला फ्लॅट घेतला, यथावकाश नागरिक झाले आणि त्या दिवसापासून आपल्यानंतर आलेल्या प्रत्येक माणसाकडे संशयाने बघू लागले. "फॉरेनर फार झालेत," हे वाक्य ते "चहा घेणार ना?" इतक्याच सहजपणे म्हणतात, आणि बहुधा चहा देता देताच म्हणतात. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, उभं राहावं लागलं, फॉरेनर. खाली हॉकर सेंटरच्या खाण्याच्या टपऱ्यांवरचा डोसा महागला, फॉरेनर. एकदा आठवडाभर पाऊस थांबेना, तेव्हा मी मोठ्या आशेने त्यांच्याकडे पाहिलं होतं. पण पावसाला त्यांनी माफ केलं. मी स्वतः एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीपुरत्या परवान्यावर राहतो, हे मी एकदा भीत भीत त्यांच्या लक्षात आणून दिलं, तर चहात साखर ढवळत म्हणाले, "तुमचं वेगळं हो, जावईबापू! तुम्ही काय फॉरेनर?" त्यांचा मुलगा मेलबर्नला गेला, तिथेच राहिला, तिथे त्याने घरही घेतलं, पण ते करिअर.

त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर एक उंच काँडो, म्हणजे खाजगी महागड्या फ्लॅटची इमारत, उभा राहिला, तेव्हा काकांनी दुर्बीण आणली. पक्षी बघायला, असं त्यांचं म्हणणं. प्रत्यक्षात ते गॅलऱ्या बघत. ज्या गॅलरीत कपडे वाळत नाहीत, ते घर परदेशी माणसाने विकत घेऊन कुलूप लावून ठेवलेलं, हा त्यांचा सिद्धान्त. "घर घ्यायचं आणि भाव वाढायची वाट बघायची! मग आमच्या पोरांनी राहायचं कुठे?" असं ते तळमळून विचारत. त्यात सगळंच खोटं नव्हतं. त्यांच्याच मजल्यावरच्या एका मुलीचं लग्न ठरून बरेच दिवस झाले होते आणि परवडेल असं घर काही मिळत नव्हतं. पण काकांनी ज्या गॅलरीवर सर्वांत जास्त राग धरला होता, तिची मालकीण एकदा त्यांना बाजारात भेटली. जन्माने सिंगापूरची, वयाने त्यांच्याएवढी, आणि तिच्याकडे कपडे वाळवायचं मशीन होतं. "एका घरावरून निष्कर्ष काढू नये," असं म्हणून काकांनी दुर्बीण पुढच्या गॅलरीकडे वळवली.

इमारतीखाली रहिवाशांची बैठक असली की काका पहिल्या रांगेत. एकदा त्यांनी बाहेरून येणाऱ्यांवर असं काही तडाखेबंद भाषण केलं की टाळ्या पडल्या. सर्वांत जोरात टाळ्या वाजवणाऱ्या एका चिनी वंशाच्या सिंगापुरी तरुणाने नंतर जवळ येऊन मोठ्या प्रेमाने विचारलं, "अंकल, यू पीआर आह?" पीआर म्हणजे कायम राहायची परवानगी असलेला, पण फॉरेनरच. नागरिकाचं गुलाबी ओळखपत्र काका नेहमी शर्टाच्या खिशातच ठेवतात. ते त्यांनी काढून दाखवलं. तो गडी "सॉरी, अंकल" म्हणाला, पण काका त्यानंतर दोन दिवस चहालासुद्धा कोणाला बोलावत नव्हते.

काकू गेल्यावर ते फारच एकटे पडले. तेव्हा सांगलीहून त्यांची थोरली बहीण आली, महिन्याच्या व्हिसावर. आई लवकर गेल्यामुळे काकांना या अक्कांनीच लहानाचं मोठं केलं होतं; आता त्याही तिकडे एकट्याच होत्या. त्यांनी आल्या आल्या समोरच्या कॉरिडॉरमध्ये पापड वाळत घातले. शेजारची चिनी म्हातारी ते उलटे करू लागली. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नसे आणि गप्पा मात्र तासन् तास चालत. घरात पुन्हा फोडणीचा वास आला, काका पुन्हा मोठ्याने हसू लागले. एके सकाळी ते मला म्हणाले, "अक्काला इथेच ठेवून घेतो. लाँग टर्म पास काढू." इस्त्रीचा शर्ट घालून मला घेऊन पास देणाऱ्या सरकारी कचेरीत गेले. काउंटरवरची मुलगी फार गोड होती.

"पॅरेंट्स कॅन, अंकल. सिस्टर कॅनॉट."

"शी इज लाइक माय मदर," काका म्हणाले.

"लाइक मदर कॅनॉट, अंकल. मस्ट बी मदर."

बाहेर आल्यावर काका म्हणाले, "बरोबर आहे तिचं. नियम कडकच हवेत." मग बराच वेळ ते टॅक्सीच्या रांगेच्या उलट्या दिशेने चालत राहिले. मला त्यांची चेष्टा करायची अतोनात सवय. त्या दिवशी मी त्यांच्या मागोमाग निघालो.

विमानतळावर अक्कांना निरोप द्यायला मीही गेलो होतो. आत जायची वेळ झाली तशी त्या काकांचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "एवढं तोंड पाडायला काय झालं? मला राहू देत नाहीत, तर तूच ये. कायमचा ये. दोन खोल्या रिकाम्या पडल्यात."

"मला तिथे व्हिसा लागतो, अक्का."

"कुठे? सांगलीला?"

काका मान खाली घालून हसले. दुसऱ्या देशाचे नागरिक झालेल्या भारतीयांना व्हिसाशिवाय भारतात ये-जा करायला एक कार्ड मिळतं; एका माणसाला एक देश पुरे, म्हणून काकांनी ते कधी काढलंच नव्हतं. हे काही त्यांनी अक्कांना सांगितलं नाही. अक्का काचेपलीकडे दिसेनाशा होईपर्यंत ते हात हलवत राहिले.

परतताना एमआरटीत बसायला जागा मिळाली. काकांनी हळूच विचारलं, "जावईबापू, तिथे किती दिवस राहू देतात हो आपल्याला?"

माझ्या खिशात भारताचा पासपोर्ट होता. "विचारून सांगतो, काका," मी म्हणालो.