खाटेवरचा मिस्त्री

कोहमाऱ्याच्या चौकात डोमनलाल पटले यांनी तीस वर्षं मोटारसायकली दुरुस्त केल्या. लकवा झाल्यावर दुकान बंद पडलं आणि त्यांचं बोलणंही थांबलं. काही विचारलं तर ते फक्त मान हलवायचे.

घराच्या पडवीत त्यांची जुनी राजदूत मोटारसायकल गंजत उभी होती. शाळेत गणित शिकवणाऱ्या त्यांच्या मुलीने, दुर्गेश्वरीने, एका रविवारी ती खोलली. मोबाइलवर व्हिडिओ बघत ती इंजिन साफ करायची आणि डोमनलाल खाटेवरून बघत राहायचे.

चौथ्या रविवारी ती पिस्टन बसवत असताना मागून घोगरा आवाज आला, "उलटा लावून राहिली तू."

तिचे हात थांबले. सहा महिन्यांनी बाबा बोलले होते.

"मंग कसा लावू, बाबा?"

"पिस्टनवरचा बाण... सायलेन्सरकडे."

पुढचं बरंचसं काम तिला येत होतं. तरी ती एकेक नट हातात घेऊन विचारत राहिली आणि ते अडखळत, चिडत सांगत राहिले.

पोळ्याच्या आदल्या दिवशी गाडी सुरू झाली. शेजारी टाळ्या वाजवू लागले. डोमनलालांनी कान देऊन इंजिनचा आवाज ऐकला.

"टायमिंग चुकलं हाय," ते म्हणाले.

दुर्गेश्वरीने हसतच गाडी बंद केली आणि पाना उचलला.