कार्डिफला काय बघितलंत?

मुनाफ परकारांना कुणी विचारलं, "कार्डिफला जाऊन आलात म्हणे, काय काय बघितलंत?" तर ते म्हणायचे, "पाऊस." बस, एवढंच. विचारणारा हसायचा, त्याला वाटायचं माणूस गंमत करतोय. मला मात्र ते ऐकलं की त्यांच्या मेहुण्याचा, जैनुद्दीनचा राग यायचा आणि तो राग मी पावणेतीन वर्षं सांभाळला. माझा नवरा जयप्रकाश म्हणतो की मला राग धरायला कारण लागत नाही. पण या वेळी कारण होतं.

आम्ही बहारीनला, अदलियात एकाच मजल्यावर समोरासमोर राहायचो. आम्ही पुण्याचे, जयप्रकाश बँकेत. मुनाफभाई दापोलीकडचे, एसी दुरुस्त करणाऱ्या कंपनीत मेकॅनिक. त्यांची बायको झोहरा माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान. लहानपणीच्या तापानं तिच्या हृदयाची झडप खराब झाली होती. डॉक्टरांनी मूल होऊ द्यायचं नाही म्हणून बजावलं होतं आणि जिना तर तिला अजिबात चढायचा नव्हता. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. म्हणजे बाई एकदा वर आली ती वरच. दवाखान्यात जायचं तर मुनाफभाई तिला खुर्चीत बसवून खाली न्यायचे आणि तशीच वर आणायचे.

आणि तरी अख्ख्या बहारीनची खडान्‌खडा माहिती असायची ती झोहराला. बुदैयाच्या कुठल्या व्हिलात हिरवा संगमरवर आहे, कुठल्या इंग्रज बाईकडे सात मांजरं आहेत, अदलियातल्या कुठल्या साहेबाच्या टेबलावर बायकोचा फोटो उलटा ठेवलेला असतो, सगळं. मला म्हणायची, "वहिनी, तुम्ही गाडीतून फिरता नि तुम्हाला कायच कसं दिसत नाय?" मी काय बोलणार, खरंच दिसायचं नाही.

हे सगळं तिला मुनाफभाई सांगायचे. एसीवाल्याला कुणीही घरात घेतं, पार झोपायच्या खोलीपर्यंत. मुळात हा माणूस घुम्या. लग्नानंतर पहिल्यांदा तिनं विचारलं, आज काय बघितलंत, तर म्हणाले, काही नाही, एसी. त्यावर तिनं असा काही अबोला धरला की दुसऱ्या दिवसापासून ते बघायला शिकले. संध्याकाळी आंघोळ करून, चहाचा कप घेऊन तिच्या पलंगाशी बसायचे आणि दारापासून सुरुवात करायचे. दार कुठल्या रंगाचं, आत शिरल्यावर कसला वास, पडदे कसले, पोरं कुणावर गेलीत. एखादी गोष्ट राहिली की झोहरा पकडायची. मी कधी वाटी घेऊन दही मागायला गेले तर उंबऱ्यातच ऐकत उभी राहायचे. खोटं कशाला सांगू, हेवा वाटायचा. आमच्याकडे बँकेतून आलेला माणूस आधी वर्तमानपत्र उघडतो.

पंच्याण्णव सालच्या सप्टेंबरात कंपनीनं मुनाफभाईंना नव्या मशीनच्या ट्रेनिंगसाठी कार्डिफजवळच्या एका कारखान्यात पाठवायचं ठरवलं. सोमवार ते शुक्रवार काम, शनिवार-रविवार मोकळा, रविवारी रात्री लंडनहून विमान. ते जायला तयारच नव्हते. हिला टाकून कसा जाऊ, हे एकच पालुपद. झोहरानंच त्यांना धाडलं. म्हणाली, बुदैयाचे व्हिला ऐकून ऐकून मला पाठ झालेत, आता जरा लांबचं काही आणा.

तिनं तयारीही केली. माझी कश्मिरा तेव्हा दहावीत होती, ईसा टाउनच्या शाळेत. झोहरानं तिला शाळेच्या लायब्ररीतून पुस्तक आणायला लावलं आणि कार्डिफबद्दल जे काही होतं ते हॉलमधे बसून वाचून घेतलं. कश्मिरा इंग्रजीत वाचणार, अडलं की मी मराठीत सांगणार. किल्ला, किल्ल्याच्या भिंतीवरचे दगडी प्राणी, काचेच्या छपराची बाजारपेठ, गावाबाहेर आणून बसवलेली जुनी घरं, बंदर. झोहरा ऐकता ऐकता मुनाफभाईंकडे बघत होती. म्हणाली, "सगळं बघा. एकसुद्धा सोडू नका. नि मला सांगितल्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगू नका." त्यांनी मान हलवली.

ते गेले. रोज संध्याकाळी तिकडचं काम आटपलं की फोन यायचा. फोन हॉलमधे असायचा, पण वायर लांबलचक, झोहरा तो आधीच उशाशी घेऊन बसलेली असायची. फोनवर मात्र ती त्यांना काही सांगू द्यायची नाही. सगळं समोर बसून ऐकायचं होतं तिला.

शुक्रवारी पहाटे ती गेली. सोबतीला तिची भावजय येऊन राहिली होती, तिनं आमचं दार वाजवलं. मी गेले तेव्हा झोहरा कुशीवर होती, हात उशीखाली. मला रडू आलं नाही. मी तिच्या पायांवरची चादर सारखी केली आणि ती सारखीच होती हे मग माझ्या लक्षात आलं.

जैनुद्दीन तिचा थोरला भाऊ. मनामात त्याचं कापडाचं दुकान, आणि घरात तो म्हणेल ती पूर्व दिशा. तो आला, बहिणीच्या कपाळावर हात ठेवून थोडा वेळ बसला आणि मग उठून कामाला लागला. जुम्म्याच्या नमाजानंतर दफन, कारण मयत ठेवून घेत नाहीत. मुनाफभाई काही केलं तरी पोचणार नव्हते, हे मलाही कळत होतं. पण तो म्हणाला, मुनाफला आत्ता काही कळवायचं नाही. सोमवारी येईल तेव्हा विमानतळावर सांगू.

मी भांडले. बायको त्याची आहे, तुम्ही कोण ठरवणारे, असं तोंडावर म्हणाले. जैनुद्दीन चिडला नाही. तो म्हणाला, "वहिनी, तिकडे त्याला धरायला कोण आहे? परक्या गावात, भाड्याच्या खोलीत एकटा काय करील तो?" मी म्हटलं, निदान त्याला रडू तर द्या. इतक्यात जयप्रकाशनं माझा दंड धरला आणि बाहेर आणून सांगितलं, त्यांचा घरचा मामला आहे, आपण पडू नये. तेव्हापासून मी जैनुद्दीनच्या दुकानाची पायरी चढले नाही. जयप्रकाशशीही आठवडाभर धड बोलले नाही.

संध्याकाळी दफन होऊन पुरुष परतले होते. हॉलमधे बायका जमल्या होत्या, जमिनीवर चादरी अंथरून कुराणाचे सिपारे वाचत बसलेल्या. मुनाफभाईंच्या फोनची वेळ झाली तसा जैनुद्दीन वर येऊन दाराशी उभा राहिला. फोन वाजला. त्यानं हात वर केला आणि सगळ्या जणी एकदम गप्प झाल्या. एका म्हातारीला हुंदका येत होता, तिनं पदर तोंडात कोंबला. एसीची खडखड तेवढी चालू राहिली. तो म्हणाला, झोहरा निजली आहे, डॉक्टरांनी औषध दिलंय, तू फिकीर करू नकोस, सगळं बघून ये. पलीकडून मुनाफभाई काय बोलले ते आम्हाला कळलं नाही. फोन ठेवल्यावर जैनुद्दीन म्हणाला, काही विचारलं नाही त्यानं. बरं म्हणाला.

शनिवारीही तेच झालं. पुन्हा हात वर, पुन्हा सगळ्या गप्प. या वेळी मुनाफभाईंचा निरोप होता, तिला सांगा, किल्ला बघून झाला, उद्या घरं बघणार. जैनुद्दीननं तो निरोप ऐकला, सांगतो म्हणाला आणि फोन ठेवून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मला त्याची दया यायला हवी होती, पण आली नाही.

सोमवारी जैनुद्दीन आणि जयप्रकाश विमानतळावर गेले. गाडीतच सांगितलं. जयप्रकाश म्हणाला की ते फक्त "बरं" म्हणाले आणि काचेतून बाहेर बघत राहिले. घरी आले, बॅग पलंगाखाली सरकवली, कबरीवर जाऊन आले. मी जेवण नेलं ते जेवले. दोन-चार दिवसांत कामावर रुजू झाले. मी रोज वाट बघायचे की आज रडतील, उद्या रडतील. नाही रडले. संध्याकाळी घरी यायचे, आंघोळ करायचे, चहाचा कप घेऊन हॉलमधे बसायचे आणि बोलायचे नाहीत. कधी समोर गाठ पडली तर मी विचारायचे, आज कुठे होतं काम? ते म्हणायचे, बुदैयाला. मग पुढे काही नाही. मलाही पुढे विचारायचं सुचायचं नाही. माझंही सगळं बधिर झालं होतं. दह्याची वाटी घेऊन मी त्या दारात जाणं बंद केलं. अशी पावणेतीन वर्षं गेली. गेली म्हणजे काय, तारखा बदलल्या.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात कश्मिराला कॉलेजात प्रवेश मिळाला आणि तो नेमका कार्डिफला. मी तिला बजावलं होतं की मुनाफ अंकलपुढे कार्डिफचं नाव काढायचं नाही. पण कार्टी कुणाचं ऐकते थोडीच. निरोप घ्यायला गेलो तर तिनं सरळ विचारलं, "अंकल, व्हॉट शुड आय सी देअर?" मी डोळे वटारले. म्हटलं, आता पाऊस म्हणतील आणि सगळेच अवघडून बसू.

मुनाफभाई उठले, त्यांनी हॉलचा एसी लावला. तो खडखडत सुरू झाला. दुनियेचे एसी नीट करणारा माणूस, घरचा तसाच ठेवलेला. मग ते कश्मिरासमोर बसले आणि म्हणाले, "त्या दिवशी तूच वाचून दाखवलं होतंस." आणि त्यांनी दारापासून सुरुवात केली.

किल्ला गावाच्या मधोमध आहे. बाहेरच्या भिंतीवर दगडी प्राणी आहेत, ते नुसते बसलेले नाहीत, भिंत ओलांडून पळायच्या बेतात आहेत. एका माकडाच्या पाठीवर पाणी साचलं होतं आणि चिमणी ते पीत होती. आत टेकडी, तिच्यावर गोल बुरूज, खाली खंदकात बदकं. महालात एक खोली आहे, तिचं नाव अरब रूम. छताला सोनं. गाइडबाई फार कौतुकानं सांगत होती की अरबांची घरं अशी असतात. मी पंधरा वर्षं अरबांच्या घरात एसी बसवतोय, अशी खोली एक नाही बघितली. हे सांगताना मुनाफभाई थोडे थांबले. झोहरा इथे हसली असती, हे मला आणि त्यांना एकदमच कळलं.

मग काचेच्या छपराच्या गल्ल्या. वर पाऊस वाजतोय आणि खाली बायका कोरड्या फिरताहेत. जुन्या बाजारात दाराशीच मासेवाला, बर्फावर बांगडे मांडलेले. एक बाई तव्यावर मनुका घातलेल्या छोट्या पोळ्या भाजत होती. मी विचारलं, त्यात डुकराची चरबी होती, म्हणून घेतल्या नाहीत, पण वास घेतला, आपल्या खांडवीसारखा गोड. रविवारी जुनी घरं. कुठकुठल्या गावांतली घरं दगडन्‌ दगड सोडवून आणून पुन्हा उभी केलेली. त्यात एक लालभडक. नजर लागू नये म्हणून लाल रंगवायचे म्हणे. आत चूल, चुलीसमोर पाळणा. संध्याकाळी बंदरावर. भरती-ओहोटी एवढी की पाणी पार दिसेनासं होतं, उरतो नुसता चिखल, त्यात होड्या कलंडलेल्या. थेट दाभोळची खाडी. बसची वेळ होत आली तरी मी पाणी परत यायला लागेपर्यंत उभा राहिलो, कारण तिनं विचारलंच असतं की मग पाणी आलं का.

कितीतरी वेळ ते बोलत होते. एकही गोष्ट राहिली नाही. कश्मिरा हनुवटी गुडघ्यावर टेकून ऐकत होती, झोहरा ऐकायची तशी. आणि माझा इतक्या दिवसांचा राग वर आला. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "जैनुद्दीननं फसवलं तुम्हाला. घरी हे असं झालेलं आणि तुम्ही तिकडे बदकं बघत होतात. मी त्याला कधी माफ करणार नाही."

मुनाफभाईंनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "वहिनी, मला शुक्रवारीच कळलं होतं."



त्यांनी मानेनं एसी दाखवला. "हा चालू होता. झोहराला गारवा सोसायचा नाय. पाहुणे आल्याशिवाय हॉलचा एसी कधी लागायचा नाय आमच्याकडे. फोनवर ह्याची खडखड ऐकली नि बाकी कायच आवाज नाय. घर भरल्याशिवाय हा लागत नाय नि भरलेलं घर असं गप्प बसत नाय."

"मग विचारलं का नाहीत?"

"सरळ विचारलं असतं तर जैनूभाई खोटं बोलले नसते." ते रिकाम्या कपाकडे बघत बोलत होते. "कुणी सांगितलं नव्हतं, तोवर ती घरात होती. मला तिला सगळं सांगायचं होतं. म्हणून शनिवारी किल्ला बघितला, रविवारी घरं बघितली. इतकं नीट मी आयुष्यात कधी बघितलं नव्हतं. जैनूभाईंनी मला दोन दिवस दिले, वहिनी. तुम्ही त्यांच्यावर रागावू नका."

कश्मिरा रडत होती. मला रडता येत नव्हतं. ज्या माणसासाठी मी एवढं भांडले, त्याचं दुःख मला कधी कळलंच नव्हतं, आणि हे त्याच्यासमोर बसून कळत होतं. मी त्यांना विचारलं, हे आधी कुणालाच का नाही सांगितलं, पाऊस पाऊस का म्हणत राहिलात?

"तिनं सांगितलं होतं ना, मला सांगितल्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगू नका."

"आणि आज?"

ते उठले. कश्मिराच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, सांभाळून राहा पोरी, तिकडे थंडी फार. मग माझ्याकडे वळले.

"आज तिला सांगून झालं," ते म्हणाले. "खलास."

आम्ही दारापर्यंत आलो तेव्हा त्यांनी मागे हॉलचा एसी बंद केला.