कणसरीचं प्रकरण

धुळ्याच्या एका कॉलेजात योगराज सर एम.ए.च्या वर्गाला जगातले धर्म शिकवायचे. फळ्यावर रकाने आखायचे: धर्म, संस्थापक, ग्रंथ, काळ. पारशी, ज्यू, बौद्ध, ख्रिस्ती, इस्लाम, शीख असं एकेक भरत जायचे. हिंदू धर्मापाशी संस्थापकाचा रकाना मोकळाच राहायचा आणि त्या मोकळ्या जागेवर सर अख्खा तास सुंदर बोलायचे.

अशाच एका तासाला दिपमाला चौरेनं हात वर केला. पिंपळनेरच्या पश्चिमेला डोंगरात तिचा पाडा. कोकणा आदिवासी घरातली पोर, पाड्यावरून एम.ए.ला आलेली पहिलीच.

"सर, आमचं यात कुठे येतं?"

"आमचं म्हणजे?"

"डोंगऱ्यादेव, वाघदेव, कणसरी."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. सर हसले नाहीत. त्यांनी पुस्तकाचं शेवटचं प्रकरण उघडून तिच्या हातात दिलं. 'आदिम धर्म'. जेमतेम दोन पानं, आणि त्यात आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि भारतातले डोंगरातले सगळे लोक एकाच परिच्छेदात उरकलेले.

तिथून ते सुरू झालं. पीएच.डी. कर, असं सरांनीच सांगितलं. स्वतःच्या कपाटातली पुस्तकं दिली, तासिका तत्त्वावर शिकवायला वर्ग दिले. विषयही त्यांनाच आवडला होता: कणसरी, म्हणजे कोकणांची धान्याची देवी.

मार्गशीर्षात सर मुद्दाम पाड्यावर आले. खळ्यावर नागलीची, म्हणजे नाचणीची, रास होती, तिच्याभोवती शेंदराची रेघ. दिपमालाचे वडील छगनभाऊ थाळी घेऊन बसले होते. थाळीच्या मधोमध मेणानं काडी उभी केलेली. तिच्यावरून बोटं ओढली की घुमल्यासारखा नाद निघतो, आणि त्या नादावर कणसरीची कथा गातात. सरांनी भराभर फोटो काढले. "लुप्त होण्याआधी हे नोंदवून ठेवलं पाहिजे," ते म्हणाले.

आई, पुष्पाबाई, सूप पाखडत होती. तिनं लेकीला विचारलं, "लुप्त म्हंजे काय?"

"संपणार, जाणार."

"आपुन कोठे चालनूत?" पुष्पाबाई म्हणाली आणि पुन्हा पाखडायला लागली.

प्रबंधाचा कच्चा मसुदा सरांकडून परत आला तेव्हा कणसरीच्या प्रकरणाचं नाव बदललेलं होतं. तिनं लिहिलं होतं, 'कणसरी घरात येते'. सरांनी लिहिलं होतं, 'आदिम धर्मश्रद्धांचे अवशेष'.

ती त्यांच्या केबिनमध्ये गेली. "सर, अवशेष कसले? मागच्या महिन्यात तुम्ही तिथेच उभे होतात."

"दिपमाला, ही शास्त्रीय वर्गवारी आहे. शंभर-सव्वाशे वर्षांची."

"ती कुणी केली, तेही तुम्हीच शिकवलंत. परदेशातल्या ग्रंथालयांत बसून, मिशनऱ्यांची आणि अधिकाऱ्यांची टिपणं वाचून. धर्मांची शिडी बनवली, वरच्या पायरीवर स्वतः बसले आणि खालच्या पायरीवर आम्हाला बसवलं. मी त्या पायरीवर बसून प्रबंध लिहू?"

"एका शब्दासाठी डिग्री घालवू नकोस."

"शब्द एकच आहे ना? मग तुम्ही सोडा."

सरांनी मसुदा मिटून तिच्याकडे सरकवला. मग म्हणाले, "हे नाव असेल तरच मी सही करीन."

घरी छगनभाऊंना हे भांडणच कळेना. "तुना सायेबले जे पाहिजे ते लिखी दे, पोरी. कागदवर काय लिखं, त्याघाई देवले काय फरक पडस?"

"देवाला पडत नाही, आबा. मला पडतो."

भाऊ ललित मात्र खूश झाला. तो एका आदिवासी संघटनेत होता. "अक्का, तू फक्त इतकं लिही, की आपला धर्म जगातला सगळ्यात जुना. आपण साक्रीत तुझा सत्कार करू."

"पुरावा काय?"

"पुरावा कशाला? आपल्याला माहीतच आहे."

"मग ते तू भाषणात बोल. मी लिहिणार नाही. त्यांनी आपल्याला खाली ढकललं म्हणून मी उगाच वर चढून बसायचं?"

ललित चार-सहा महिने तिच्याशी धड बोलला नाही. पुढच्या जूनमध्ये तासिकांसाठी कॉलेजातून फोनही आला नाही. सरांनी मार्गदर्शक बदलायला हरकत घेतली नाही, एवढं खरं. पण नवा मार्गदर्शक मिळेना. प्रत्येक जण पहिल्या मार्गदर्शकाचं नाव विचारायचा आणि मग आपल्याकडे जागा नाही म्हणायचा. दिपमालानं पिंपळनेरला खाजगी क्लासमध्ये दहावीच्या पोरांना इतिहास शिकवला. रडायला यायचं तेव्हा रडली. मसुद्यातला शब्द मात्र बदलला नाही.

शेवटी जळगावच्या सुलक्षणा मॅडमनी मार्गदर्शक म्हणून प्रबंध वाचायला घेतला. त्यांनी लाड केले नाहीत. अर्धी प्रकरणं पुन्हा लिहायला लावली. शीर्षकाला हात लावला नाही. त्यात दोन वर्षं गेली.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच प्रकरण उघडलं. "आदिम नाही म्हणता, सगळ्यात जुनाही नाही म्हणता. मग या धर्माला म्हणायचं तरी काय?"

सभागृहात मागच्या रांगेत ललित बसला होता. न सांगता आला होता.

"ते लोक त्याला काहीच म्हणत नाहीत, सर," दिपमाला म्हणाली. "पीक आलं की कणसरीला घरात आणतात. नाव नसलं की आपल्या अभ्यासाची अडचण होते, त्यांची नाही. ती अडचण मी लपवलेली नाही. पान उलटा, तिथे लिहिलीय."

परीक्षकांनी पान उलटलं. वाद तासभर चालला. तिनं एक मुद्दा मान्य केला, दोन सोडले नाहीत. डिग्री मिळाली.

पक्की नोकरी अजून नाही. साक्रीच्या एका कॉलेजात ती तासिकांवर शिकवते आणि प्रबंधाचं पुस्तक करतेय. निकाल लागला त्या संध्याकाळी मोबाइलवर योगराज सरांचा मेसेज आला होता: 'अभिनंदन. पूर्ण वाचला. माझं मत बदललेलं नाही.'

तिनं तिथेच, बसस्टँडवर उभ्या उभ्या, उत्तर टाईप केलं: 'माझंही नाही, सर. नमस्कार.'