विहिरीचा पहिला घोट

उधाण ओसरलं की आमच्याकडे आधी विहिरीचं पाणी चाखतात. ते काम आईचं. ती घोट तोंडात घोळवते, "गोड आहे गो," म्हणते, मगच चहाचं आधण चुलीवर चढतं.

लहानपणी मला लाटांची भीती वाटायची. गाज वाढली की मी पुढच्या दाराची कडी पुन्हापुन्हा बघून यायची. समुद्र यायचा तर अंगणातूनच येणार, असं वाटायचं. तो जमिनीखालून, आवाज न करता येतो, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं!

आज आईनं घोट बराच वेळ घोळवला. मग कळशी माझ्यापुढे धरली. "तू बघ गो. माझ्या जिभेला हल्ली चव कळत नाही."

पाणी मचूळ होतं.

"गोड आहे," मी म्हणाले.

आईनं मान हलवली. पण आधण काही ठेवलं नाही.