काचेपलीकडचं यंत्र

मी बी.एस्सी. झाले त्या वर्षी चंद्रपूरच्या आमच्या कॉलेजात एका सिमेंट कारखान्याचे मोठे साहेब भाषणाला आले होते. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. इथल्या मुलांकडे पदव्या आहेत पण कामाची तयारी नाही, असं ते म्हणाले. त्यांना नोकरीलायक करणं ही कारखान्याची जबाबदारी आहे आणि ती आम्ही पार पाडू, असंही म्हणाले. आम्ही टाळ्या वाजवल्या. मी जरा जोरातच वाजवल्या.

पुढे कारखान्याने पदवीधरांसाठी वर्षभराचं प्रशिक्षण काढलं. प्रयोगशाळेसाठी दोघांना घेतलं, मला आणि कुरखेड्याकडच्या एका मुलाला. माझे वडील भद्रावतीजवळच्या कोळसा खाणीत मजूर होते. आमच्या बौद्ध मोहल्ल्यातून कॉलेजात गेलेली मी पहिली मुलगी. पोरगी कंपनीत लागली, असं आई सगळ्यांना सांगत सुटली. अजून नोकरी नाही, नुसतं शिकायला जाते आहे, असं मी तिला समजावलं तर ती म्हणाली, "शिकवून राह्यले म्हणजे लावतीनच. फुकट कोनी काऊन शिकवीन?"

आईचा हिशेब सरळ होता. कारखान्याचा नव्हता.

रोज सकाळी एसटीने जायचं, दगडाच्या भुकटीचे नमुने गोळा करून आणायचे, काचेची भांडी धुवायची, ती पुसून मांडायची. नमुन्यात कोणता घटक किती आहे हे मोजणारं एक परदेशी यंत्र काचेच्या खोलीत होतं. प्रयोगशाळेतली खरी नोकरी म्हणजे ते यंत्र चालवण्याची नोकरी. खोलीला कुलूप असायचं. बाहेरगावाहून आणलेला केमिस्ट आत जायचा आणि दार लावून घ्यायचा. आम्हाला शिकवा म्हणून मी प्रयोगशाळेच्या प्रमुखांना किती वेळा विनवलं. शिकवण्याचा हुकूम वरून आलेला नाही, एवढंच ते सांगायचे. वर, म्हणजे साहेबांकडे गेले, तर बाहेर बसलेल्या माणसानेच मला परत पाठवलं.

आम्ही आत गेलो ते एकदाच. कुणी बडे पाहुणे येणार होते. आम्हा दोघांना पांढरे कोट घालायला दिले, यंत्राशेजारी उभं केलं आणि फोटो काढला. स्थानिक पदवीधरांना आम्ही असं घडवतो, असं साहेब पाहुण्यांना सांगत होते. पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर पडली आणि कोट काढून घेतले. कुरखेड्याचा मुलगा हसला. मला हसू आलं नाही. आजही येत नाही.

वर्ष संपल्यावर मुलाखत झाली. मध्ये साहेब, एका बाजूला प्रयोगशाळेचे प्रमुख आणि दुसऱ्या बाजूला मुख्य कचेरीतून आलेले एक वयस्कर गृहस्थ. माझ्या आधी तो मुलगा आत जाऊन खाली मान घालून बाहेर आला होता. साहेबांनी मला विचारलं, ते यंत्र चालवता येतं का. मी नाही म्हटलं. तेव्हा ते त्या गृहस्थांकडे वळून म्हणाले, "पाहिलंत? वर्षभर संधी दिली. ही मुलं तयारच होत नाहीत."

माझ्या अंगाची आग झाली. मुलाखतीसाठी शुद्ध भाषेत घोकलेलं सगळं डोक्यातून गेलं.

"साहेब, त्या खोलीले वर्षभर कुलूप होतं," मी म्हणाले. "आमाले आत नेलं ते फोटोसाठी. भांडे धुवाले शिकलो, तेवढंच शिकवलं तुम्ही. मंग तयार नाई कोन, आमी का तुम्ही?"

बोलायची ही पद्धत नव्हे, असं साहेब म्हणाले. वयस्कर गृहस्थांनी मात्र प्रमुखांना विचारलं, ही सांगते ते खरं आहे का. मला बाहेर जायला सांगितलं.

संध्याकाळी वडिलांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बोलली ते बरोबर बोलली. पन नोकरी गेली आता."

गेलीच. आम्हा दोघांनाही घेतलं नाही. तो मुलगा कुरखेड्याला परत गेला आणि विड्यांसाठी लागणाऱ्या तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराकडे पानांचे पुडे मोजायला लागला. रसायनशास्त्राचा पदवीधर. मला पुढे एका शाळेत काम मिळालं.

एकदा चंद्रपूरच्या बसमध्ये घुग्घुसची एक मुलगी शेजारी बसली. बोलता बोलता कळलं की ती आमच्यानंतरच्या तुकडीतली, आणि आता त्याच प्रयोगशाळेत कायम झालेली. मुख्य कचेरीतून ताकीद आली होती म्हणे, शिकायला घेतलेल्या प्रत्येकाला यंत्रावर बसवायचंच. शिकायला किती दिवस लागले, असं मी तिला विचारलं.

"काई नाई ताई," ती म्हणाली, "आठवड्यात येते."

साहेब तेव्हाही साहेबच होते, असं तिच्याकडूनच कळलं. घरी सांगितलं तर सगळे म्हणाले, तुझ्या बोलण्याने दुसऱ्यांचं तरी भलं झालं, आनंद मान. त्या मुलीसाठी मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण एका आठवड्याचं काम होतं ते. तेवढं न करता त्या माणसाने आमचं वर्ष खाल्लं आणि वर आम्हालाच नालायक ठरवलं. हे मी आनंदाने कसं सांगू?